कफावरोध आणि बाष्पनशील तेले: औषधालयातील दक्षता

पनवेल ही आयुर्वेदीय औषधनिर्माणाची जुनी भूमी होय. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथेच श्री धूतपापेश्वर या संस्थेची पायाभरणी केली. या परिसरात वर्षा ऋतूत प्रतिश्याय व कासाचे रुग्ण वाढतात आणि निलगिरी तेल, कापूर, पुदिन्याचे फूल व ओव्याचे फूल यांची मागणीही वाढते. या द्रव्यांविषयी काही बाबी स्पष्ट करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम संज्ञाभेद पाहू. ग्रंथोक्त तैल म्हणजे स्नेहात कल्क व क्वाथ घालून सिद्ध केलेला कल्प. चरकसंहितेतील अणुतैल नस्यासाठी सांगितले आहे ते याच अर्थाने. निलगिरी तेल मात्र पानांच्या ऊर्ध्वपातनाने मिळते. त्यात स्नेहांश नसतो. दोहोंस ‘तेल’ हा एकच शब्द असल्याने काही रुग्ण ते थेट नाकात घालतात व श्लेष्मल त्वचेचा दाह ओढवून घेतात.

दुसरी बाब कार्याची. पुदिन्याच्या फुलाच्या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. तथापि मोजमाप केले असता नासामार्गातील अवरोध फारसा घटलेला आढळत नाही. शीतस्पर्श जाणणारे मज्जातंतू उत्तेजित झाल्याने ही जाणीव होते. अर्थात हा उपशय आहे, संप्राप्तिभंग नव्हे. तमक श्वासाच्या काही रुग्णांत तर तीव्र गंधानेच वेग उद्भवतो.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची बाब बालकांची. कापूर अल्प प्रमाणात पोटात गेला तरी बालकास झटके येऊ शकतात. निलगिरी तेल प्राशनानेही ग्लानी व श्वसनमंदता येते. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ पुदिन्याचे फूल लावल्यास स्वरयंत्राचा आकस्मिक संकोच होऊन श्वास अडू शकतो.

सबब औषधालयचालकांनी बाटलीवर ‘केवळ बाह्योपयोगासाठी’ असा ठळक मराठी मजकूर आहे की नाही हे पाहावे, घट्ट झाकणाचीच बाटली द्यावी आणि ‘रुग्णाचे वय किती?’ हा प्रश्न विचारल्यावाचून विक्री करू नये. दोन वर्षांखालील बालकासाठी ही द्रव्ये देऊ नयेत. वाफाऱ्याच्या उकळत्या पाण्यापासून मुलांस दूर ठेवण्यास सांगावे. श्वास जलद चालत असल्यास, बरगड्यांखाली खळगा पडत असल्यास अथवा ओठ निळसर दिसल्यास तेलाची बाटली न देता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

घरगुती द्रव्य निरुपद्रवी असते, हा समज दूर करणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.