गिन्यांनी भरलेली खाण

परीकथांमध्ये सोन्याला कधीच तोटा नसतो. हंडे सापडतात, गुहा उघडतात आणि नायक सुखाने नांदू लागतो. ते सोने बाजारात चालले का, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. एडिथ नेस्बिट या इंग्रज लेखिकेने तो विचारला. १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या 'फाइव्ह चिल्ड्रेन अँड इट' या कादंबरीतील दुसरे प्रकरण बँकेत काम करणाऱ्या प्रत्येकाने आवर्जून वाचावे, असे आहे.

सिरिल, अँथिया, रॉबर्ट, जेन आणि 'लँब' या लाडक्या नावाचे तान्हे बाळ ही पाच भावंडे लंडन सोडून केंट परगण्यात राहावयास येतात. आईवडील बाहेरगावी गेलेले, घरात केवळ नोकरमाणसे. मग खोड्यांना काय उणे! जवळच्या रेतीच्या खाणीत खणत असता त्यांना एक विलक्षण प्राणी गवसतो. गोगलगायीसारखे लांब शिंगांवरचे डोळे, वटवाघळाचे कान, माकडाचे हातपाय आणि कमालीचा चिडखोर स्वभाव. हा 'सॅमिअ‍ॅड', म्हणजे वाळूतला यक्षच म्हणा ना. तो दिवसाला एक इच्छा पुरवतो. मात्र सूर्यास्ताबरोबर सारे नाहीसे होते.

पहिल्या दिवशी मुले सौंदर्य मागतात, तर बाळच त्यांना ओळखत नाही. पुढच्या वेळी ती अमाप संपत्ती मागतात आणि खाण सोन्याच्या गिन्यांनी काठोकाठ भरते. (गिनी हा शब्द आपल्या सराफकट्ट्यालाही परका नाही.) खिसे फाटेस्तोवर भरून मुले रॉचेस्टर गावी जातात. तेथे खरी गंमत सुरू होते.

टोपीच्या दुकानातील बाई ते नाणे घ्यावयास तयार होत नाही. कारण साधे आहे: ते नाणे व्यवहारातून बाद झालेले आहे. इंग्लंडमध्ये शेवटची गिनी १८१४ साली पाडली गेली आणि तिची जागा सॉव्हरिनने घेतली. नाणे अस्सल, सोने अस्सल. पण दुकानदाराच्या गल्ल्यात त्याला स्थान नाही. घोडागाडी विकणारा गृहस्थ तर एवढे सोने पाहून थेट पोलिसालाच बोलावतो. मळक्या कपड्यांतील मुलांजवळ हे आले कोठून? आजच्या बँकिंगच्या भाषेत सांगावयाचे, तर निधीचा स्रोत कोणता, हाच त्याचा प्रश्न! मुलांना त्याचे उत्तर देता येत नाही, आणि खरे सांगितले तर कोण विश्वास ठेवणार?

मुलांना तारते ती त्यांचीच एक जुनी मागणी. ही जादू नोकरमाणसांना दिसू नये, असे त्यांनी मागून ठेवलेले असते. त्यामुळे दाई मार्था ठणकावून सांगते की, येथे सोनेबिने काही नाही. दरम्यान सूर्य मावळतो आणि ठाण्यात झडती होते तेव्हा खिसे रिकामे निघतात.

पैशाविषयीची ही जाण लेखिकेला पुस्तकांतून आलेली नव्हती. पती ह्युबर्ट ब्लँड एकेकाळी बँकेत कारकून होते. पुढे त्यांचा व्यवसाय बुडाला आणि लेखन करून, शुभेच्छापत्रे रंगवून संसार चालवण्याची वेळ तिच्यावर आली. १८८४ साली स्थापन झालेल्या फेबियन सोसायटीच्या संस्थापकांपैकी हे दांपत्य होते. म्हणूनच तिच्या बालकथांतून दुकानदार, स्वयंपाकीण, पोलीस ही कष्टकरी माणसे सतत डोकावतात आणि जादूला व्यवहाराच्या दगडावर घासून पाहतात. माझ्या मते, या कादंबरीचे टिकाऊपण तिच्यातील यक्षापेक्षा या माणसांत अधिक आहे.

पुढील प्रकरणांत पंख मिळालेली मुले चर्चच्या मनोऱ्यावर अडकतात, तान्हा लँब एका दिवसात मिशाळ तरुण होतो आणि शेजारच्या श्रीमंत बाईंचे दागिने आईच्या खोलीत अवतरून चोरीचा बाका प्रसंग ओढवतो. ज्यांना आणखी हवे, त्यांच्यासाठी १९०४ आणि १९०६ साली आलेले पुढील दोन भाग आहेतच. त्यांतील तिसऱ्या भागात हाच यक्ष लंडनच्या एका प्राणिविक्रेत्याच्या दुकानात पिंजऱ्यात बसलेला सापडतो आणि मुलांना त्याला चक्क रोख पैसे मोजून सोडवावे लागते.