एका बुडीतले दोन कायदे

भीमाशंकर साखर कारखान्यामुळे आमच्या आंबेगाव तालुक्यातलं पारगाव जिल्ह्याला ठाऊक आहे. ऊस म्हटला की विहीर आली, आणि विहीर आली की बुडी मारणारा पट्टीचा गडीही आला. मोटारीचा फूटवॉल्व्ह गाळात रुतला की त्यालाच बोलावणं. पाना घेऊन तो खाली जातो, हातानं चाचपत काम उरकतो. स्कूबाचे शिक्षक घडवतानाही दम रोखून साहित्य हाताळायला लावतात, हे कळल्यापासून मी या विषयाच्या नादी लागलो.

नाद मालवणला घेऊन गेला. शेजारच्या तारकर्लीत राज्य पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे. तिच्या उभारणीशी आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेच्या प्रवाळांच्या अभ्यासाशी डॉ. सारंग कुलकर्णी यांचं नाव जोडलेलं आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात पर्यटक डोकावतात ते मासे आणि प्रवाळ बघायला. मला मासे ताटातच बरे. मी बघत बसतो ते शिकवणाऱ्यांचे हात.

इतिहास थोडक्यात उरकतो. 1943 मध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी पाण्याखाली श्वास पुरवणारं अ‍ॅक्वालंग बनवलं, 1960 मध्ये ‘नावी’ आणि 1966 मध्ये ‘पाडी’ या प्रशिक्षण संस्था निघाल्या. पुढे प्रमाणपत्रांचं जाळं जगभर पसरलं.

आता माझ्या आवडीचा सराव. इंग्रजीत त्याला ‘डिच अँड डॉन’ म्हणतात. जुन्या पठडीचे प्रशिक्षक अजूनही तो करून घेतात. पोहण्याच्या तलावाच्या तळाशी बसून उमेदवार सगळं साहित्य उतरवतो, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करतो आणि श्वास सोडत वर येतो. मग वर एक श्वास घेऊन पुन्हा बुडी मारायची आणि तळाशीच सगळं अंगावर चढवायचं.

नवख्याचा हात आधी मास्ककडे जातो, कारण दिसत नसतं. तिथंच तो फसतो. मास्कमधलं पाणी काढायला नाकातून हवा सोडावी लागते, आणि ती तर संपत आलेली. म्हणून आधी वजनाचा पट्टा मांडीवर घ्यायचा, नाहीतर शरीर वर तरंगतं. मग व्हॉल्व्ह उघडायचा, सिलिंडरची हवा देणारा रेग्युलेटर तोंडात धरायचा आणि पर्जचं बटण दाबून त्यातलं पाणी घालवायचं. श्वास सुरू झाला की मास्क, जॅकेट, फिन सावकाश.

आणि इथंच कायदा बदलतो. काठावरून छातीत भरून नेलेली हवा खाली दाबानं आकसते आणि वर येताना मूळ आकाराला येते, त्याहून फुगत नाही. म्हणून विहिरीतला गडी दम कोंडून वर आला तरी त्याचं फुप्फुस फाटत नाही. सिलिंडरमधून घेतलेला श्वास मात्र त्या खोलीच्या दाबाचा असतो. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट. तिथं भरलेली सहा लिटर हवा वर येताना बारा लिटर जागा मागते. भरल्या छातीनं श्वास कोंडला, तर दीड मीटर वर येणंही फुप्फुस फाडायला पुरतं. म्हणजे तलावातही धोका आहेच. तळाशी रेग्युलेटरचा पहिला घोट घेतला, की दम कोंडायची मुभा संपली.

एक धोका काठावरच असतो. दम टिकावा म्हणून काही जण आधी जोरजोरात श्वास घेतात. त्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. श्वास घ्यायची ओढ तो साचल्यामुळेच लागते. ती उशिरा लागते आणि माणूस आधीच बेशुद्ध पडतो. तेव्हा हा सराव एकट्यानं कधीच करू नये. आमच्या विहिरींवर दम कोणाचा मोठा अशा पैजा लागतात, त्या मला म्हणूनच पटत नाहीत.

‘पाडी’च्या डाइव्हमास्टर अभ्यासक्रमात ‘डिच अँड डॉन’चं चुलतभावंड भेटतं: दोघांनी एकाच रेग्युलेटरवर आळीपाळीनं श्वास घेत एकमेकांचं साहित्य अदलाबदल करायचं. रेग्युलेटर जोडीदाराच्या तोंडात असताना आपल्या तोंडातून बारीक बुडबुडे सुटत राहिलेच पाहिजेत. ते थांबले की काठावरून बघणाऱ्यालाही चूक कळते.

काही जण या सरावांना जुनाट मर्दुमकी म्हणतात. मला तसं वाटत नाही. दम किती टिकला याला शिक्षकाच्या परीक्षेत गुण नाहीत. प्रात्यक्षिक किती सावकाश आणि स्पष्ट झालं, हे तिथं बघतात. हवा नसतानाही ज्याचे हात घाई करत नाहीत, त्याचंच बघून घाबरलेला नवखा नीट शिकतो.