चालू प्रथिन ओळखणारा गेज

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत मशीनवर उभं राहिलेल्या कुणालाही ‘गो–नो गो’ गेज समजावून सांगावा लागत नाही. एक टोक भोकात सहज जायला हवं, दुसरं अडायला हवं. भोक नेमकं किती मिलिमीटरचं, हे तो सांगत नाही. पास की रिजेक्ट, एवढंच. ज्या प्रतिपिंडाची ही ओळख आहे, ते मला या गेजचं सख्खं भावंड वाटतं.

करंगळीएवढ्या नळीत, उणे वीस अंशांवर ते ठेवलेलं असतं. नाव मात्र लांबलचक: फॉस्फो-पी३८ मॅप कायनेज, थ्रिओनिन १८०, टायरोसिन १८२.

पी३८ हे पेशीतलं निरोप्या प्रथिन. खारटपणा वाढला, अतिनील किरण पडले, जिवाणूच्या कवचाची चाहूल लागली, की ते जागं होतं आणि निरोप पुढे धाडतं. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत जियाहुआय हान आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली त्याची ओळख पटवली. अडचण अशी, की ताण नसतानाही ते पेशीत हजर असतंच. त्यामुळे नुसतं किती आहे हे मोजून काहीच कळत नाही. कामगार गेटमधून आत आला म्हणजे मशीन चालू झालं असं थोडंच असतं! ते चालू होतं, तेव्हा ३६० अमिनो आम्लांच्या साखळीत १८० आणि १८२ या दोन जागी एकेक फॉस्फेट चिकटतो. फरक एवढाच. आणि तो पकडायचा असतो.

त्यासाठी त्या जागेभोवतीचा छोटासा तुकडा फॉस्फेटसकट प्रयोगशाळेत जुळवतात, मोठ्या वाहक प्रथिनाला जोडतात आणि सशाला टोचतात. सशाच्या रक्तात नाना तऱ्हेची प्रतिपिंडं तयार होतात. ती आधी फॉस्फेट नसलेल्या तुकड्यावरून गाळायची. तिथे जी चिकटली ती बाद. उरलेल्यांतली फॉस्फेटवाल्या तुकड्याला धरणारी ठेवायची. इथे चूक व्हायला फार जागा आहे, कारण पी३८ची चुलत भावंडं हुबेहूब तशीच दिसतात: दोन फॉस्फेटच्या मध्ये पी३८मध्ये ग्लायसिन, जेएनकेमध्ये प्रोलिन, ईआरकेमध्ये ग्लुटामिक आम्ल. मधलं एक अक्षर बदललं, की प्रथिन वेगळं. शिवाय ससा गेला, की त्याच्या रक्तातलं ते मिश्रणही गेलं. पुढचा लॉट तंतोतंत तसाच निघेल याची हमी नाही. कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली एकाच वाणाचं प्रतिपिंड अखंड बनवण्याची युक्ती काढली, तिचं मोल इथे कळतं.

वापरतानाचे नखरेही कमी नाहीत. पेशी फोडली, की तिच्यातलीच विकरं फॉस्फेट ओरबाडू लागतात, म्हणून सगळं बर्फावर, सोडियम फ्लोराइड घालून. पेशीतली प्रथिनं ज्या पडद्यावर उतरवून प्रतिपिंडाने तपासतात, त्यावरच्या रिकाम्या जागा बुजवायला एरवी दुधाची पावडर चालते. इथे मात्र बरेच जण दूध टाळून गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन घेतात, कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटने लगडलेलं! शेजारी दोन रांगा हव्यातच: एक ताण न दिलेल्या पेशींची, दुसरी ॲनिसोमायसिन देऊन मुद्दाम पी३८ चालू केलेल्या पेशींची. गेजही मास्टरशी ताडून पाहावा लागतोच की.

हे सारं कशासाठी, याचं उत्तर पुण्यात सापडतं. गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तिथे भास्कर साहा यांच्या गटाने लिश्मानिया या परजीवीचा अभ्यास केला. हा परजीवी मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे त्याला गिळून मारायला आलेल्या पेशीतच, बिऱ्हाड थाटतो. या पेशीच्या पृष्ठभागावरच्या सीडी४० या ग्राहकाचा निरोप दोन वाटांनी जातो. पी३८च्या वाटेने गेला तर आयएल-१२ हे संकेत देणारं प्रथिन तयार होतं आणि शरीर लढतं. ईआरकेच्या वाटेने गेला तर आयएल-१० आणि नमतं घेणं. परजीवी निरोप दुसऱ्या वाटेला वळवतो. २००३ आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत हे मांडलेलं आहे. ॲनिसोमायसिनने पी३८ पुन्हा जागं केल्यावर उंदरांमध्ये संसर्गाविरुद्धचा लढा सावरला. दोन्ही वाटांवरची प्रथिनं पेशीत होतीच. चालू कोणतं आणि बंद कोणतं, हे दिसलं नसतं तर ही लबाडी कळली नसती.

जाता जाता नाशिकची गोष्ट. सातपूरहून गंगापूर धरणाकडे निघालं, की द्राक्षमळे आणि वायनरी लागतात. तिथल्या रसात लिटरमागे दोनशे ग्रॅमच्या आसपास किंवा जास्तच साखर. इतक्या गोड रसात पडलेल्या यीस्टमधलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून ते स्वतःत ग्लिसरॉल साठवतं. वाइनमध्ये तेही उतरतं. खारट किंवा अतिगोड पाण्यात ग्लिसरॉल साठवायचा हुकूम देणारं यीस्टचं प्रथिन म्हणजे हॉग१, पी३८चंच जुनं नातलग. फॉस्फेट बसण्याची त्याची जागाही तीच: थ्रिओनिन, ग्लायसिन, टायरोसिन. त्यामुळे माणसाच्या पी३८साठी सशाकडून मिळवलेलं प्रतिपिंड यीस्टमध्येही चालतं, आणि यीस्टवाले ते खुशाल वापरतात. यीस्टच्या पाण्यात मीठ टाकलं, की पाच-दहा मिनिटांत पट्टी गडद उमटते. यीस्ट सावरलं, की ती फिकट होत जाते.