वर्गात बसून राहणारी मुलगी : सरकारी शाळेत हुशार मुलांसाठी काय आहे आणि काय नाही

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजवरून सुचला. लोणंदजवळच्या एका वाडीतून एका ताईंनी पाठवला होता. त्यांची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. तीसपर्यंत पाढे पाठ, आणि थोरल्या भावाचं पाचवीचं पुस्तक घेऊन वाचत बसते. ताई म्हणाल्या, "गुरुजींनी फळ्यावर गणितं घातली की हिची पाच मिनिटांत होतात. मग ही नुसती बसून राहते. घरी येऊन म्हणते, आई, शाळेत काही नसतंच. सरकारचं अशा मुलांसाठी काही असतं का? नाहीतर तिसरीला लोणंदला इंग्रजी शाळेत घालावी म्हणतोय."

ताई, आधी थोडक्यात सांगतो. सरकारकडे हुशार मुलांसाठी पैसा आहे, परीक्षा आहेत, निवासी शाळासुद्धा आहेत. नाही ते एवढंच : तुमच्या मुलीला आज, त्या वर्गात, तिच्या वेगानं शिकवायचं बंधन कुणावरच नाही. आणि तिसरीला शाळा बदलण्याआधी दोन नियम बघून घ्या. ते फार कमी पालकांना ठाऊक असतात.

आधी पैसा कुठे आहे ते बघू

सगळ्यांना माहीत असलेली म्हणजे राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. आपल्या वेळी ती चौथी आणि सातवीला असायची. मध्ये ती पाचवी-आठवीला नेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारनं ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरवलं. २०२५-२६ हे बदलाचं वर्ष धरून चारही इयत्तांची परीक्षा, आणि २०२६-२७ पासून फक्त चौथी आणि सातवी. म्हणजे तुमची मुलगी ही परीक्षा चौथीतच देणार.

दोन पेपर, प्रत्येकी १५० गुण. पहिल्यात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. दोन्ही पेपरमध्ये प्रत्येकी किमान ४० टक्के मिळाले की मूल पात्र ठरतं. पण पात्र होणं वेगळं आणि शिष्यवृत्ती मिळणं वेगळं. शिष्यवृत्ती गुणवत्ता यादीत वर असलेल्यांनाच मिळते. रक्कम २०२३-२४ पासून वाढली : धाकट्या गटाला वर्षाला ५,००० रुपये, मोठ्या गटाला ७,५००. त्याआधीची रक्कम इतकी किरकोळ होती, की ती आणायला बँकेत जायचं एसटीचं भाडं तिच्यातूनच सुटेल का, असा विनोद शिक्षक करायचे.

दुसरी परीक्षा आठवीत. तिला सगळे एनएमएमएस म्हणतात. म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतल्या हुशार मुलांची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. २००८ मध्ये सुरू झाली. देशभरात दरवर्षी एक लाख मुलं निवडतात, त्यात महाराष्ट्राचा कोटा ११,६८२. महिन्याला १,००० रुपये, नववी ते बारावी. चार वर्षांचे ४८,००० होतात. मुलगी अकरावी-बारावीला तालुक्याला जायची, तर एवढ्यात तिचा पास आणि पुस्तकं नक्की निघतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमातींना त्यात पाच टक्क्यांची सूट आहे.

तिसरा मार्ग नवोदयचा. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही विद्यालयं निघाली. सातारा जिल्ह्याचं खावलीला, सांगलीचं पलूसला. सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं मोफत. नववीपासून काही मुलांना महिन्याला ६०० रुपये विकास निधी असतो, पण मुलींना तोही माफ. पाचवीत असताना प्रवेश परीक्षा द्यायची, ती एकदाच देता येते.

सातारकरांना हे नवीन नाही. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झालं. ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी राज्यानं साठच्या दशकात शासकीय विद्यानिकेतनं काढली, त्यातलं एक आपल्या पुसेगावला. हुशार पोर हेरायचं, उचलायचं आणि चांगल्या वसतिगृहात ठेवायचं, ही आपल्याकडची जुनी पद्धत. तिनं कितीतरी घरं वर आली. पण ती निवडलेल्यांसाठी. एका जिल्ह्यातून ८० गेले, तर मागे राहिलेल्या हुशार पोरांचं काय, याचं उत्तर त्या पद्धतीत नाही.

आता ते दोन नियम

पहिला नवोदयचा. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखीव असतात. ग्रामीण कोण? ज्यानं तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केली, तो. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत गेला, तरी तो शहरी धरला जातो. आणि शहरी म्हणजे नुसतं पुणे-मुंबई नव्हे. सरकारनं अधिसूचना काढून जे गाव नागरी ठरवलं, ते शहरी. लोणंदला आता ग्रामपंचायत नाही, नगरपंचायत आहे! बाजाराला, पालखीला, रेल्वेला आपण लोणंदला 'गाव' म्हणतो, पण त्या फॉर्मवर ते गाव राहत नाही. म्हणजे वाडीतली मुलगी तिसरीला लोणंदच्या शाळेत घातली, तर तिची ग्रामीण जागा जाऊ शकते. मग उरलेल्या खुल्या जागांवर सगळ्यांशी स्पर्धा.

आणखी एक. मूल ज्या जिल्ह्यात राहतं आणि पाचवी शिकतं, त्याच जिल्ह्याच्या नवोदयला बसतं. लोणंदकडच्या काही मुलांना नीरेची शाळा सोयीची पडते. पण नीरा नदी ओलांडली की पुणे जिल्हा लागला.

दुसरा नियम एनएमएमएसचा. ही परीक्षा फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना देता येते. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत आठवी शिकणारी मुलगी घरची कितीही गरीब असली, तरी तिला बसता येत नाही. आईवडील उसनवारी करून फी भरतात, आणि आठवीत कळतं की हे दार आपणच लावून घेतलं होतं.

खासगी शाळा वाईट असं मी म्हणत नाही. तिथे एखादी फार चांगली बाई भेटेलही. पण फीचा हिशेब करताना हे दोन आकडेही मांडा : नवोदयची ग्रामीण जागा आणि एनएमएमएसचे ४८,०००.

मग मुलगी बसून का राहते?

सरकारचा पैसा परीक्षा जिंकलेल्या मुलाच्या मागे जातो. हुशार मुलाला शिकवणाऱ्या शाळेच्या मागे जात नाही. दुसरीतल्या मुलीनं अजून काही जिंकलेलंच नाही, त्यामुळे तिच्या नावानं शाळेला काही येत नाही आणि शाळेला कुणी जाबही विचारत नाही.

शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. वाडीच्या शाळेत चार इयत्ता आणि दोन गुरुजी. पहिलीची पोरं अक्षरं गिरवतायत, एक रडतंय, दुसरीतल्या दोघांना अजून वजाबाकी येत नाही. गुरुजी आधी मागे पडलेल्यांकडे बघणार, आणि ते बरोबरच आहे.

कायद्यात काहीच नाही असंही नाही. त्याच कायद्याचं कलम २९ म्हणतं की अभ्यासक्रमानं मुलाचं ज्ञान, क्षमता आणि प्रतिभा वाढवली पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात विशेष गुण असलेल्या मुलांसाठी वेगळे परिच्छेद आहेत. शिक्षकांनी अशा मुलांना पूरक साहित्य द्यावं, शाळांनी विषयवार मंडळं चालवावीत, असं त्यात लिहिलंय. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. 'द्यावं' आणि 'दिलंच पाहिजे' यात फरक आहे.

तो फरक किती असतो, हे बघायला अमेरिकेचं उदाहरण घेऊ. तिथे हा विषय राज्यांकडे आहे. पेनसिल्व्हेनियात मूल प्रज्ञावान ठरलं, की त्या एका मुलासाठी लेखी शिक्षण आराखडा करणं सरकारी शाळेवर बंधनकारक आहे. जॉर्जियात अशा मुलाच्या तासांसाठी शाळांना राज्याकडून जादा दरानं अनुदान मिळतं. तिथेही सगळं छान आहे असं नाही, कारण काही राज्यांत बंधन आहे पण पैसा पुरत नाही. पण शाळेला विचारायला पालकाच्या हातात कागद असतो. आपल्याकडे तो नाही.

आज काय करता येईल

पहिलं, गुरुजींशी बोला. तक्रार म्हणून नको. दोन इयत्ता एका खोलीत बसतात, ही अडचण इथे कामाला येते. "हिचं झालं की हिला चौथीच्या गणिताला बसू द्याल का?" एवढंच विचारा. त्याला सरकारची परवानगी लागत नाही.

दुसरं, शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात कायद्यानं तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. समग्र शिक्षा अभियानातून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत मिळतात. त्यात कुठली पुस्तकं आली, ती कपाटात आहेत की पोरांच्या हातात, हे बैठकीत विचारा. सही करून परत येऊ नका.

तिसरं, कागद. आधार, शाळेचं रजिस्टर आणि बँक खातं, तिन्हीकडे मुलीचं नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का ते आत्ताच बघा. निवड होऊनही पैसे अडकतात ते बहुतेक इथेच.

आणि चौथं. दुसरीतल्या पोरीला शिष्यवृत्तीच्या क्लासला घालू नका. तिला शाळेत काही नसतं असं वाटतंय, आणि क्लासमध्ये तर तेच पुन्हा दहादा लिहायला लावतील. भावाची पुस्तकं वाचू द्या.

ताई, शाळा बदलायची की नाही ते तुम्ही आणि घरच्यांनी ठरवा. फक्त तिसरीच्या दाखल्यावर सही करण्याआधी शाळेचा पत्ता ग्रामपंचायतीत येतो की नगरपंचायतीत, तेवढं बघून घ्या. आणि गुरुजी काय म्हणाले, ते मला व्हॉइस मेसेज करून नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.