आधी नाडी, मग पट्टी

ईसीजीची पहिली पट्टी हातात आली की नर्सिंगचे विद्यार्थी आधी आजाराचं नाव शोधू लागतात. ‘सिस्टर, हे एएफ आहे ना?’ नाव सांगायची ही घाई मला फार धोक्याची वाटते. पट्टी लेखासारखी ओळीने वाचावी लागते.

आधी वेळ मोजायची. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो. म्हणजे एक मिलिमीटरचा छोटा चौकोन 0.04 सेकंदाचा आणि पाच छोट्यांचा मोठा चौकोन 0.2 सेकंदाचा. मिनिटाला असे 300 मोठे चौकोन होतात. आरच्या लागोपाठच्या दोन उंच टोकांमध्ये चार मोठे चौकोन बसले, तर 300 भागिले 4, म्हणजे मिनिटाला 75 ठोके. ठोके अनियमित असतील तर हा हिशोब फसतो. मग सहा सेकंदांतली, म्हणजे 30 मोठ्या चौकोनांतली आर टोकं मोजून दहाने गुणायचं. अंतरं सारखी आहेत का, हे पाहायला कोऱ्या कागदाची कड पुरते. दोन टोकांशी पेन्सिलीच्या खुणा करायच्या आणि कागद पुढे सरकवत न्यायचा.

मग लाटा. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून वीज पसरते ती पी लाट, खालच्या कप्प्यांतून पसरते ते क्यूआरएस. पी सुरू झाल्यापासून क्यूआरएस सुरू होईपर्यंत तीन ते पाच छोटे चौकोन जातात. या मधल्या उसंतीत खालचे कप्पे रक्ताने भरून घेतात. पी लाटच दिसत नाही आणि टोकांमधली अंतरं कुठेच जुळत नाहीत, तेव्हा एएफचा, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या थरथरीचा, विचार करायचा. नाव सुचतं ते असं, शेवटी.

पी, क्यूआरएस ही अक्षरं लायडनच्या विलेम आइन्थोव्हेन यांनी रूढ केली. त्यांना 1924चं नोबेल मिळालं. त्यांचं यंत्र सुमारे 270 किलोंचं होतं आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागे.

पट्टी वाचून निर्णय घेण्याचा अधिकार नर्सला मात्र 1960च्या दशकात मिळाला. हार्ट अटॅकनंतर खालचे कप्पे अचानक नुसते थरथरू लागतात, त्याला व्हीएफ म्हणतात. तिथे शॉकला होणारा प्रत्येक मिनिटाचा उशीर जीवावर बेततो आणि डॉक्टर तर खाटेशी सतत नसतात. फिलाडेल्फियात डॉ. लॉरेन्स मेल्टझर आणि नर्स रोझ पिनिओ यांनी परिचारिकांना लय ओळखायला आणि गरज पडली तर स्वतः शॉक द्यायला शिकवलं. त्यांचं परिचारिकांसाठीचं पुस्तक 1965मध्ये आलं. माझ्या मते नर्सिंगच्या इतिहासातली ही फार मोठी पायरी आहे, आणि आपल्या वर्गांत तिची पुरेशी आठवण काढली जात नाही.

अधिकार आला तशी फसगतीची जबाबदारीही आली. रुग्ण दात घासत असला तरी मॉनिटरवर व्हीएफसारखी वेडीवाकडी रेघ उमटते. लीड सुटली की सरळ रेषा दिसते. खरीखुरी सरळ रेषा असली तरीही सिनेमात दाखवतात तसा शॉक देत नाहीत. छातीवर दाब देणं आणि औषध, हेच करायचं असतं.

सगळ्यात फसवी पट्टी याच्या उलट असते. लाटा दिसतात, लय अगदी नीटस असते आणि रुग्णाला नाडीच नसते. पट्टी हृदयातली वीज दाखवते, रक्त पुढे ढकललं जातंय की नाही हे दाखवत नाही. म्हणून विद्यार्थ्यांनो, मॉनिटर ओरडला की आधी रुग्णाला हाक मारा आणि मानेवर बोटं ठेवा. प्रतिसाद नाही, नाडीही नाही, तर पट्टी कितीही सुंदर दिसली तरी मदतीला हाक मारून छातीवर दाब द्यायला लागा.