होडीवरच्या दोन बॅटऱ्या

छोट्या डिझेल होडीचा सेल्फ मारला की स्टार्टर दोनशेच्या आसपास अँपिअर प्रवाह ओढतो, पण जेमतेम तीन सेकंद. त्यात खर्च होतो अँपिअर-तासाचा फक्त सहावा हिस्सा. एक अँपिअरवर चालणारा फिश फाइंडर तेवढीच वीज दहा मिनिटांत संपवतो. इंजिनाला वीज थोडी लागते, पण ती एका दमात लागते.

दिवे, जीपीएस आणि वायरलेसचं गणित उलटं. सगळे मिळून चार अँपिअर धरले, तरी दहा तासांच्या रात्रीत चाळीस अँपिअर-तास जातात. एकाच बॅटरीवर सगळा भार असेल, तर पहाटे सेल्फ नुसता कुरकुरतो. म्हणून बॅटऱ्या दोन हव्यात, आणि त्याही वेगळ्या घडणीच्या.

शिसे-आम्ल बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लान्ते यांनी १८५९ मध्ये बनवली. स्टार्टर बॅटरीत शिशाच्या पातळ प्लेटा पुष्कळ असतात. पृष्ठभाग मोठा, म्हणून प्रवाह झटक्यात मिळतो. मात्र वारंवार खोलवर उतरली तर ती लवकर निकामी होते. डीप सायकल बॅटरीच्या जाड प्लेटा हा ताण सोसतात.

खरी मेख जोडणीत आहे. दोन्ही बॅटऱ्या कायम जोडलेल्या राहिल्या, तर रात्री दोन्ही उतरतात. एक, दोन, दोन्ही आणि बंद अशा खुणांचा स्विच स्वस्त, पण तो वेळेवर फिरवणं माणसाच्या लक्षात राहायला हवं. इंजिन चालू असताना तो ‘बंद’वर गेला, तर अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात.

व्होल्टेज ओळखणारा रिले हे काम स्वतःच करतो. इंजिन सुरू होऊन व्होल्टेज साधारण १३.३ वर गेला की तो बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या आसपास उतरला की तोडतो. दुसरी बॅटरी लिथियमची असेल, तर रिले पुरत नाही. ती इतका प्रवाह ओढते, की अल्टरनेटर तापून जळण्याचा धोका असतो. तिथे डीसी-टू-डीसी चार्जरच हवा.

पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर शाकारलेली असतानाही बॅटरी आपोआप उतरत राहते आणि प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात. होडीमालकांनी त्या काळात अधूनमधून मल्टिमीटर लावावा. भरलेली, विसावलेली बॅटरी सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते, आकडा १२.४ च्या खाली दिसला, तर हवेशीर जागी चार्जिंगला लावावी, कारण चार्ज होताना तिच्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडतो.