मोटारसायकलचे ऑइल : स्वस्त कोणते, योग्य कोणते?

आठवडी बाजार करणारा कापडवाला असो, दारव्हा-दिग्रसकडे फळांच्या पेट्या नेणारा असो, की शेतावर ये-जा करणारा कास्तकार, यवतमाळ जिल्ह्यात शंभर सीसीची मोटारसायकल हेच अनेक घरांचे रोजीचे साधन आहे. इंजिन जाम झाले की खर्च बोर-पिस्टनपर्यंत जातो आणि धंदा बुडतो तो वेगळाच. तरी ऑइल बदलताना आपण बहुतेक वेळा एवढेच म्हणतो, "भाई, टाक कोणतेही."

डब्यावरचे आकडे

डब्यावर १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० असे आकडे असतात. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो. तो जितका कमी, तितके तेल लवकर वर पोचते. नंतरचा आकडा गरम इंजिनमध्ये, १०० अंश तापमानाला, तेल किती दाट राहते ते सांगतो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणून दाट तेलच चांगले, असा समज आहे. पण गाडी चालत असताना तेल हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेले असते आणि कंपनीने ग्रेड ठरवताना ते गृहीत धरलेले असते. गरजेपेक्षा दाट तेल सकाळी पहिल्या किकला वर पोचायला वेळ लावते, ॲव्हरेजही कमी होते. गावोगावी दिसणाऱ्या ९७.२ सीसीच्या स्प्लेंडर प्लसला कंपनी १०डब्ल्यू-३०च सांगते.

क्लचचा प्रश्न

मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच प्लेटा सहसा एकाच तेलात असतात. कारमध्ये तसे नसते. कारच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी रसायने असतात. ती इथे क्लच घसरवतात. मग इंजिन ओरडते, पण गाडी ओढत नाही. घरातल्या कारचे किंवा ट्रॅक्टरचे उरलेले ऑइल मोटारसायकलमध्ये ओतू नये, ते यासाठीच.

यासाठी 'जासो' हे जपानी मानक पाहावे. एमए आणि एमए२ ही तेले तेलात बुडालेल्या क्लचसाठी, तर एमबी मुख्यतः स्कूटरसाठी असते, कारण स्कूटरचा क्लच कोरडा असतो. काही कंपन्या आपल्या मोटारसायकललाही एमबी सुचवतात. म्हणून शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तिकेचा. पुस्तिका हरवली असेल तर त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर विचारून घ्यावे.

किती आणि केव्हा?

अशा गाड्यांना साधारण लिटरभर किंवा त्याहून थोडे कमी तेल लागते. जास्त भरल्याने फायदा नाही, उलट इंजिनवर ताण येतो. पातळी पाहताना गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा. इंजिन थोडे चालवून बंद करा, काही मिनिटे थांबा, मग डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवून पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. काही गाड्यांना डिपस्टिकऐवजी काचेची खिडकी असते. वणीकडच्या कोळशाच्या धुळीत किंवा रोज ओझे घेऊन चालणाऱ्या गाडीचे तेल पुस्तिकेतल्या किलोमीटरच्या आधीच बदललेले बरे.

अमानतीची गोष्ट

बाजारात रिकाम्या डब्यांत भलतेच तेल भरूनही विकले जाते. सील, बॅच नंबर आणि तारीख पाहा, बिल घ्या. डबा आपल्यासमोर उघडू द्या आणि रिकामा डबा फोडून टाका. सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये माप मारणाऱ्यांना कडक ताकीद आहे. आपल्या समाजातील कितीतरी मुले गॅरेजमध्ये काम शिकतात. गिऱ्हाइकाची गाडी ही त्यांच्याकडे अमानत आहे, हे आम्ही शिक्षकांनी आणि पालकांनी त्यांना सांगितले पाहिजे.

त्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. जळके ऑइल नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. ज्या पाण्याने आपण वुजू करतो, ते याच जमिनीतून येते. जळके ऑइल झाकणाच्या डब्यात साठवावे आणि अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे जाईल असे पाहावे.

पुढच्या वेळी गॅरेजवर जाताना पुस्तिकेतला ग्रेड एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. मिस्त्रीला "कोणतेही टाक" म्हणण्याऐवजी ती चिठ्ठी दाखवा.